संत बहिणाबाई : वळ कोणाच्या पाठीवर?



(नामघोष)

टाळ जरा खाली ठेवा. मृदंगाचार्यांनाही थोडा विसावा द्या. मागे खांबाआड बसलेल्या माऊल्यांनो, पुढे सरका, पुढे जागा आहे. आज कथा तुमची आहे. हे कीर्तन कोणी समोर बसून ऐकेल, कोणी पुढे पुस्तकात छापून आल्यावर एकट्याने वाचेल. वाचणाऱ्या माऊलीने असं समजावं, की मी तिच्या ओसरीवर येऊन बसलो आहे आणि तिच्याशीच बोलतो आहे.

वारकरी संप्रदायाला मंदिराची उपमा देणारा एक अभंग आहे. पाया ज्ञानोबारायांचा, कळस तुकोबारायांचा. पोरासोरांना पाठ आहे. सप्ताहाच्या कमानीवर, दिंडीच्या ट्रकवर, लग्नपत्रिकेवरसुद्धा असतो. मी गावोगाव विचारतो, हा अभंग कोणाचा? कोणी म्हणतं नामदेवांचा, कोणी म्हणतं तुकोबांचा. अहो, तुकोबा स्वतःच स्वतःला कळस म्हणतील का? तो अभंग एका बाईचा आहे. संत बहिणाबाईंचा. आपल्या संप्रदायाचं चित्र एका बाईने काढलं आणि आपण चित्र ठेवलं, नाव पुसलं.

बरं, नाव घेतलं की दुसरा घोटाळा होतो. लोक म्हणतात, हो हो, त्या खानदेशातल्या, शेतकरीण कवयित्री. त्या बहिणाबाई चौधरी. त्याही थोरच. पण त्या जळगावच्या, आणि त्यांचा जन्म 1880 चा. मी सांगतो त्या बहिणाबाई त्यांच्याआधी अडीचशे वर्षांच्या. जन्म 1628 च्या सुमाराचा, म्हणजे शिवाजीमहाराजांच्या जन्माच्या आसपासचा. देह ठेवला 1700 साली. जन्म वेरूळजवळच्या देवगावचा, समाधी वैजापूर तालुक्यातल्या शिऊरला. गुरू देहूचे तुकाराम महाराज.

त्या मंदिरात सगळ्यांना जागा देऊन झाल्यावर बहिणाबाईंनी स्वतःला कुठे ठेवलं ठाऊक आहे? वरच्या निशाणात. मी तरुण होतो तेव्हा म्हणायचो, वा, काय मानाची जागा! आता वय चौसष्ट झालं. आता वाटतं, पाया मातीत पुरलेला असतो, त्याला कोणी हात लावत नाही. खांबाला छप्पर असतं. निशाणाला काय असतं? ऊन लागतं ते त्याला, पाऊस झोडपतो तो त्याला, वारा फाडतो तो त्याला. बाईने जागा अगदी बरोबर निवडली होती.

आता आधी माझी एक चूक सांगतो आणि मग कथेला लागतो.

बाविसाव्या वर्षापासून मी कीर्तन करतो. आळंदीला गुरूंच्या पायाशी बसून शिकलो. बहिणाबाईंची कथा मी किती वेळा सांगितली असेल याची मोजदाद नाही. त्या कथेत नवऱ्याने मारल्याचा प्रसंग येतो. तिथे आलो की मी आवाज चढवायचो. म्हणायचो, बघा माऊली, नवऱ्याने मारलं, झोडलं, तरी बाईने ब्र काढला नाही. सोसलं म्हणून संत झाली! आजकालच्या पोरींना एक शब्द खपत नाही! पुरुष मंडळी माना डोलवायची. टाळ्या पडायच्या. मला वाटायचं, कीर्तन रंगलं.

एका गावी सप्ताहात असंच रंगलं. कीर्तन संपलं, लोक पाया पडायला लागले. सगळ्यात शेवटी एक बाई आली. तिशीची असेल. पदर कपाळापर्यंत ओढलेला. वाकली, नमस्कार केला, पण उठेना. मी म्हटलं, काय हो माऊली? ती खालीच बघत म्हणाली, "महाराज, मग मी पण सोसत राहू का? किती वर्षं सोसलं की झालं?"

मी गप्प. माझ्याकडे गीतेचे अठरा अध्याय होते, ज्ञानेश्वरी होती, गाथा होती, आणि त्या बाईला द्यायला एक वाक्य नव्हतं. तेवढ्यात मागून कोणी तिला हाक मारली. ती उठून गेली. पदर सरकला तेव्हा कानाच्या खाली काळंनिळं दिसलं.

घरी आलो. आमच्या मंडळींना सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. थापता थापताच म्हणाल्या, "तुम्ही तो प्रसंग लावला की मी आत उठून जाते. इतक्या वर्षांत कधी लक्षात आलं का तुमच्या?" नव्हतं आलं. मला वाटायचं, चहाचं बघायला जातात.

त्या रात्री बहिणाबाईंची गाथा काढली आणि पहिल्यापासून वाचायला बसलो. कीर्तनाला मसाला शोधायला म्हणून नाही, त्या बाईला उत्तर शोधायला. आता ऐका, मला काय सापडलं ते.

(विठ्ठल विठ्ठल)

देवगावात आऊजी कुलकर्णी नावाचे गृहस्थ होते. गावचं लिखाण सांभाळायचे. पत्नीचं नाव जानकी. पुष्कळ दिवस मूल नव्हतं, नवसासायासाने झालं, ती ही बहिणा. आणि दुधाचे दात पडायच्या आत पोरीचं लग्न लावलं. वर शिऊरचे पाठक. वय तीस. बिजवर. वेदविद्या शिकलेले. त्या काळची रीतच तशी होती, मी आजच्या मापाने तेव्हाच्या आईबापांना मोजत नाही. पण तीस वर्षांचा माणूस आणि परकर नेसलेली पोर, एवढं चित्र डोळ्यांपुढे ठेवा. पुढची कथा त्यावाचून कळायची नाही.

बहिणा नऊ वर्षांची झाली आणि घरात भाऊबंदकीचा कलह पेटला. इतका, की राहतं गाव सोडायची पाळी आली. आईबाप, जावई आणि ही पोर, सगळी घराबाहेर पडली. शिंगणापूरच्या महादेवाचं दर्शन घेतलं. पंढरपुरात पाच दिवस राहिली. पुढे रहिमतपूर. भिक्षा मागायची, मिळेल ते शिजवायचं, देवळात पडायचं. मोठ्यांना ती वणवण वाटत होती. पोरीला पंढरपूर दिसलं. मोठ्या माणसांचं संकट आणि लेकराची वारी एकाच रस्त्याने चालली होती.

असं करत करत मंडळी कोल्हापूरला आली. बहिणा अकरा वर्षांची. हिरंभट नावाच्या वैदिक ब्राह्मणाच्या घरी आसरा मिळाला. कोल्हापूर म्हणजे महालक्ष्मीचं क्षेत्र. रोज कुठे पुराण, कुठे कीर्तन. हिरंभटांनी एक गाय वासरासकट या कुटुंबाला दिली, आणि त्या वासराने बहिणाचा असा लळा लावून घेतला, की ती पाण्याला निघाली की हे मागे, ती देवळात निघाली की हे मागे. तिने घातलं तर खायचं, तिने पाजलं तर प्यायचं. सासर नाही, माहेर नाही, खेळगडी नाही. अकरा वर्षांच्या पोरीला एक वासरू मिळालं.

तेव्हा वडगावचे जयरामस्वामी कोल्हापुरात कीर्तनाला आले होते. मोठे अधिकारी पुरुष. त्यांच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग असायचे. तुकोबा तेव्हा देहूला हयात होते, आणि त्यांचे अभंग त्यांच्याआधी गावोगाव पोचले होते. बहिणा आईबरोबर कीर्तनाला जायची. मागोमाग वासरू.

एका दिवशी गर्दी फार झाली. माणसांना बसायला जागा नाही आणि मध्ये हे वासरू. कोणीतरी हाकलून बाहेर काढलं. वासरू दाराशी हंबरायला लागलं. आत पोर रडायला लागली. आता कीर्तनकार काय करतो बघा. मी असतो तर? खरं सांगतो, मी म्हटलं असतं, आधी ते जनावर लांब नेऊन बांधा, कीर्तनात विक्षेप होतो आहे. जयरामस्वामींनी कीर्तन थांबवलं आणि वासराला आत आणायला सांगितलं. आपल्याजवळ घेतलं. एक हात वासराच्या डोक्यावरून फिरवला. एक हात बहिणाच्या डोक्यावरून फिरवला.

एवढंच घडलं. एका साधूने लेकराच्या डोक्यावरून मायेने हात फिरवला.

पण गावाला तेवढं पुरतं. कोणीतरी जाऊन तिच्या नवऱ्याच्या कानाशी लागलं. अहो पाठक, तुम्ही वेदशास्त्रसंपन्न, आणि तुमची बायको कीर्तनात सगळ्यांसमोर काय तमाशा करते! झालं. घरी येऊन त्याने बायकोला वेणीला धरून ओढलं आणि मारमार मारलं. मारून भागलं नाही, तर मुटकुळं करून बांधून टाकलं.

माऊली, या जागी मी पूर्वी आवाज चढवायचो. आता या जागी मी थांबतो. तुम्हीही थांबा.

(क्षणभर शांतता)

घरात कोण कोण होतं? आई होती. वडील होते. दोघं तिच्याबरोबरच राहत होते. जावयाचा हात धरायची ताकद त्यांच्यात कुठली असणार? त्याच्याच आधाराने तर परमुलखात दिवस काढत होते. शेजारपाजार होता. शास्त्र जाणणारे लोक होते. आणि गोठ्यात गाय आणि वासरू होतं. त्या घरात बहिणासाठी अन्नपाणी कोणी सोडलं? गाईने आणि वासराने. चाऱ्याला तोंड लावेनात, पाण्याला शिवेनात. चार वेद शिकलेल्या माणसाला जे कळलं नाही, ते वासराला कळलं.

वासरू पुढे वाचलं नाही. ते गेलं तेव्हा बहिणा शुद्ध हरपून पडली. लोकांना वाटलं, हीही जाते. आणि त्या अवस्थेत, आईबापांना जे देता आलं नाही ते तिला देहूच्या तुकोबांनी दिलं. तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांचे फक्त अभंग ऐकले होते. ते स्वप्नात आले, मस्तकावर हात ठेवला, मंत्र दिला. याच डोक्यावरचा एक मायेचा हात तिला केवढ्याला पडला होता! तरी दुसरा हात त्याच जागी आला. बहिणा डोळे उघडून उठली ती अभंग बोलतच उठली.

आता तुम्ही म्हणाल, चला, सुटली पोर. कुठली सुटते! आता लोक तिच्या दर्शनाला यायला लागले. नवऱ्याचा संताप दुप्पट झाला. एक तर ही बायको, मला विचारायच्या ऐवजी लोक हिला विचारतात. दुसरं म्हणजे हिचा गुरू कोण? तुका. वाणी. शूद्र. ब्राह्मणाच्या बायकोने वाण्याला स्वप्नात का होईना गुरू करावं? तो म्हणाला, मी हिला टाकून निघून जातो, हिचं तोंड बघायचं नाही. बहिणाला तेव्हा दिवस गेले होते.

इथे मला एक गोष्ट लपवायची नाही. बहिणाबाईंनी त्या वेळी काय ठरवलं ते त्यांच्या अभंगांत आहे. त्यांनी ठरवलं, नवऱ्याला सोडायचं नाही. पतिव्रताधर्मावर त्यांचे पुष्कळ अभंग आहेत. पतीच्या सेवेपुढे बाकी देवाधर्माचं मला काय करायचं, इथपर्यंत त्या मनाची समजूत घालतात. पूर्वी मी नेमके तेवढेच अभंग उचलायचो.

पण त्याच गाथेत दुसरे अभंगही आहेत. त्यांत ही बाई देवाला विचारते की मला बाईचा जन्म का दिलास? वेद माझ्या कानावर पडू द्यायचे नाहीत, मंत्र मला म्हणता यायचा नाही, संसारात राहून परमार्थ करायचा तर वाटेत धोंडा. मग मी तुझ्याकडे यायचं कुठल्या दाराने? ही तक्रार आहे, माऊली. स्पष्ट तक्रार. पतिव्रताधर्म सांगणारी आणि तक्रार करणारी, दोन्ही एकच बाई आहे. मी अर्धी बाई घेतली होती. मला सोयीची होती तेवढी.

आणि आणखी एक. मारल्याचा प्रसंग आपल्याला कळला कसा? नवऱ्याने सांगितला? आईबापांनी सांगितला? त्यांनी झाकूनच ठेवला असता. आपल्या घरात आपण काय करतो? "जिन्यावरून पडली" म्हणतो. तो प्रसंग बहिणाबाईंनी स्वतः लिहून ठेवला. आत्मनिवेदनात. मराठीत बाईने स्वतःचं आयुष्य स्वतः सांगितलेलं इतकं जुनं दुसरं काही मला माहीत नाही. नवऱ्याला देव म्हणणारी ती बाई, नवऱ्याने मारलं हे मात्र गिळून टाकत नाही. आणि मी चाळीस वर्षं सांगत होतो की बाईने ब्र काढला नाही! अहो, तिने ब्र काढला म्हणून तर तुम्हाआम्हाला कळलं.

(ज्ञानोबा माऊली तुकाराम)

पुढे काय झालं? नवरा निघायच्या तयारीत, आणि तापाने अंथरूण धरलं. औषध चालेना. महिनाभर पडून होता. उशाशी कोण? बहिणाच. त्या दुखण्यात त्याच्या मनाचा ताठा उतरला. आपण तुकोबांची निंदा केली, हिला छळलं, हे त्याला उमगलं. बरा झाल्यावर तोच म्हणाला, चल, देहूला जाऊ. पश्चात्ताप झाला, चांगलं झालं. त्या माणसाबद्दलही माझ्या मनात आता राग नाही. पण एक सांगतो. त्याला पश्चात्ताप झाला ही देवाची कृपा. सगळ्यांनाच ती होते असं नाही. तेव्हा "आज ना उद्या सुधारेल" असं म्हणून कोणाच्या लेकीला मार खायला पाठवू नका. बहिणाच्या नवऱ्याला ताप आला. तुमच्या जावयाला येईलच कशावरून?

मंडळी देहूला आली. गाय बरोबर होतीच. देवळात तुकोबांचं दर्शन झालं. जसं स्वप्नात पाहिलं होतं तसंच रूप. तुकोबांची कीर्तनं रोज कानांवर पडायला लागली. मुलगी झाली, तिचं नाव काशी.

पण देहूत मंबाजी गोसावी होता. तुकोबांचा द्वेष करणारा. त्याने बहिणाला बोलावून सांगितलं, माझा उपदेश घे. बहिणा म्हणाली, माझा गुरू झाला आहे. लक्षात घ्या, कोल्हापुरात बांधून टाकलेली हीच पोर. परक्या गावात, पोटाची भ्रांत असताना, मठ सांभाळून बसलेल्या माणसाला नाही म्हणते आहे. मंबाजी खवळला. शूद्राला गुरू करणारी ही बाटगी, हिला वाळीत टाका, म्हणून त्याने काहूर उठवलं. त्यानेही भागेना, तेव्हा त्याने यांची गाय पळवून कोंडली आणि तिला काठीने झोडपलं.

आता मन लावून ऐका. माझ्या त्या बाईचं उत्तर इथे आहे.

गाय मंबाजीच्या आवारात मार खात होती. इकडे तुकोबांच्या पाठीवर वळ उठले. लोकांनी पाहिलं, तुकोबांच्या पाठीवर काठीचे वळ आणि कोणी मारलेलं तर नाही. शोध घेतला तेव्हा कोंडलेली गाय सापडली. बहिणाबाईंनीच हे सांगून ठेवलं आहे.

तुम्ही याला चमत्कार म्हणा, नाहीतर म्हणू नका. मी त्या वादात पडत नाही. मी एवढंच विचारतो, तुकोबांनी त्या गाईला काय सांगितलं? "गाई, तुझं प्रारब्ध, सोस" असं सांगितलं का? "मार खाल्लास तर पुढच्या जन्मी चांगली योनी मिळेल" असं सांगितलं का? काही सांगितलं नाही. तिचे वळ आपल्या पाठीवर घेतले. दुसऱ्याला बसलेला मार ज्याच्या पाठीवर उमटतो तो संत. आणि दुसऱ्याने खाल्लेल्या माराचं जो व्यासपीठावरून कौतुक करतो, तो कोण? तो मी होतो.

मारणाऱ्या मंबाजीने गळ्यात माळ घातली होती, कपाळी टिळा होता. कोल्हापुरात मारणारा वेद शिकलेला होता. विद्या, माळ, टिळा यांतलं काहीही हात धरत नाही, माऊली. आतून ओलावा नसेल तर हात उठतोच.

हे बहिणाबाईंना पुरतं कळलं होतं. पुढे त्यांनी वज्रसूची नावाच्या संस्कृत ग्रंथावर अभंग रचले. विषय काय? ब्राह्मण कोणाला म्हणावं. जन्माने होतो, जातीने होतो, पढून होतो, की ब्रह्म जाणल्याने होतो? जिला वेद ऐकायची बंदी होती त्या बाईने हा प्रश्न मराठीत आणून दिंडीच्या हाती दिला. आणि वाण्याच्या शिष्येने, ब्राह्मणाच्या लेकीने, उत्तर दिलं की जो ब्रह्म जाणतो तो. मला वाटतं, हे उत्तर तिला पोथीत नंतर सापडलं. आधी ते कोल्हापूरच्या गोठ्यात सापडलं होतं.

पुढे मुलगा झाला, विठोबा. संसार झाला, परमार्थही झाला. कुटुंब शिऊरला राहिलं. बहात्तर वर्षांचं आयुष्य झाल्यावर, देह ठेवायच्या वेळी त्यांनी मुलाला जवळ बसवून आपले मागचे बारा जन्म सांगितले. हा तेरावा. बाईच्या जन्माबद्दल देवाशी भांडलेली ती पोर, म्हातारपणी आपला सगळा हिशेब आपल्या तोंडाने सांगून निघाली. शिऊरला समाधी आहे. पैठणला, वेरूळला जाता ना? तिथून वाकडी वाट करा, दर्शन घ्या.

(विठ्ठल विठ्ठल)

आता त्या बाईचं सांगतो. माझ्या गुरूंनी शिकवलं आहे की चूक व्यासपीठावरून केली असेल तर क्षमाही व्यासपीठावरूनच मागावी. पुढच्या वर्षी त्याच गावाने पुन्हा बोलावलं. मी मुद्दाम हीच कथा लावली आणि आज सांगितली तशी सांगितली. बायकांकडे बघत होतो, ती कुठे दिसते का. दिसली नाही. कीर्तनानंतर विचारलं. कोणी म्हणालं माहेरी गेली. कोणी म्हणालं पुण्याला कामाला लागली. एक म्हातारी नुसती माझ्याकडे बघत राहिली आणि काही बोलली नाही. मला आजही ठाऊक नाही. तिला द्यायचं वाक्य माझ्याकडे एक वर्ष उशिरा आलं.

म्हणून आता मी प्रत्येक गावात ते वाक्य ठेवून जातो. ती कुठे असेल तिथे, कोणाच्या तरी तोंडून तिच्या कानावर जाईल.

बाई, सोसत राहा असं मी तुला सांगितलं नाही. सांगितलं असेन तर ते शब्द मी परत घेतो. बहिणाबाई संत झाल्या त्या मार खाल्ल्यामुळे नव्हे. मार खाल्लेल्या कितीतरी जणी या मातीत नाव न उरता गेल्या. बहिणाबाई संत झाल्या त्या नामामुळे, गुरुकृपेमुळे, आणि आपल्या मनाची दारं त्यांनी कोणाला बंद करू दिली नाहीत म्हणून. त्यांनी घरात राहायचं ठरवलं, तो त्यांचा काळ आणि त्यांचा निर्णय. तुझा काळ वेगळा आहे. तुला बोलता येतं, तर बोल. आईला सांग, भावाला सांग, पोलिसांत सांग. बहिणाबाईंनी झाकलं नाही, तूही झाकू नकोस. त्याने तुझ्या धर्माला काही बट्टा लागत नाही.

आणि पुरुषांनो, तुम्हाला. माळ घालताना आपण काय कबूल करतो? मांस नाही, दारू नाही, एकादशी चुकवायची नाही, वारी चुकवायची नाही. माझ्याकडून माळ घ्यायला येतो त्याला मी आता आणखी एक विचारतो. घरात हात उचलणार नाहीस ना? पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांनाही विचारतो, लग्न झालेल्यांनाही विचारतो. दोघंतिघं असेही निघाले, की खाली मान घालून उठून गेले. मी त्यांना अडवलं नाही. त्यातला एक दुसऱ्या वर्षी बायकोला घेऊन आला. मी तिला विचारलं, माऊली, याला माळ घालू का? तिने थोडा वेळ घेतला. मग म्हणाली, घाला. तेव्हा घातली.

आणि शेजाऱ्यांनो, तुमच्यावरही येतं. भिंतीपलीकडून आवाज येतो, आपण टीव्हीचा आवाज वाढवतो. म्हणतो, त्यांच्या घरातलं भांडण आहे. गोठ्यातल्या वासराने असं म्हटलं नव्हतं. तुम्हाला अन्नपाणी सोडायला कोणी सांगत नाही. उठा, दार वाजवा. साखर मागायच्या निमित्ताने वाजवा. दार वाजलं की उगारलेला हात खाली येतो, हे मी पाहिलं आहे.

मंदिराच्या निशाणाचं मी सुरुवातीला बोललो. वारीत निशाण कुठे असतं? दिंडीच्या पुढे. मागच्यांना दिशा त्यावरून कळते. आपण बहिणाबाईंचं निशाण पुढे धरतो, तर मग त्या ज्या रस्त्याने गेल्या तो रस्ता नीट बघून चालू. घरी गेल्यावर आज एवढं करा. आपली आई, बायको, सून, लेक, जी कोणी घरात असेल तिच्याशेजारी बसा आणि विचारा, तुला कशी वाटली ही कथा? आणि ती बोलेल तेव्हा मध्ये बोलू नका. मला हे विचारायला चाळीस वर्षं लागली. आमच्या मंडळी आता या कथेला आत उठून जात नाहीत. त्या बघा, तिकडे बसल्या आहेत.

उचला टाळ. मृदंग लागू द्या. बाया आधी म्हणतील, पुरुष मागून म्हणतील. आज उलट करू.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम!

संत बहिणाबाई महाराज की जय!